जळगावात ॲक्युपंक्चर, आईच्या गुडघ्यासाठी

रावेरकडे केळीच्या बागेत आयुष्यभर वाकून काम केलंय आईने, गुडघे पार गेलेत, म्हणून जळगावच्या एका ॲक्युपंक्चर क्लिनिकला नेतेय तिला. सुया केसासारख्या बारीक, आणि दरवेळी सीलबंद नवीन पाकीट आपल्यासमोर फोडतात, मला तर हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. गुडघ्याखाली चार बोटांवर झुसानली म्हणून पॉइंट आहे तिथे सुई गेली की जडजड, झिणझिण्या येतात, चिनी पद्धतीत त्याला दे-ची म्हणतात म्हणजे सुई बरोबर लागली. मग वीसेक मिनिटं पडून राहायचं. दुखणं पूर्ण गेलं नाही, पण जिना बराच सोपा झालाय. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील किंवा प्रेग्नंट असाल तर आधीच सांगा. चिनी काढे आम्ही नाही घेतले, आईच्या बीपीच्या गोळ्या चालू आहेत ना, आणि त्यांनीही आग्रह केला नाही.