वर्गातला एअर प्युरिफायर आणि हवेचा मीटर: नोव्हेंबर ते जुलै, वापरानंतरचा अनुभव

मी चेंबूरमधल्या एका मराठी शाळेत तिसरीला शिकवते. पट ४६. नोव्हेंबरात पालकांनी वर्गणी काढून वर्गाला दोन प्युरिफायर घेऊन दिले. हवेचा मीटर मी स्वतःच्या पैशांनी घेतला. मेची सुटी सोडली तर तेव्हापासून मीटर रोज वापरात आहे आणि प्युरिफायर पावसाळा लागेपर्यंत रोज चालवले.

आधी मीटरबद्दल, कारण डोळे त्यानेच उघडले. तळहाताएवढा डबा, त्यावर पीएम २.५ (हवेतली अगदी बारीक, फुप्फुसात खोल जाणारी धूळ) आणि कार्बन डायऑक्साइडचे आकडे. हिवाळ्यात मुंबईत सकाळी वारा पडलेला असतो, खारे वारे उशिरा सुटतात, तोवर बांधकामांची धूळ आणि गाड्यांचा धूर खालीच साचून राहतो. नेमकी तीच आमची शाळा भरायची वेळ. डिसेंबरात सकाळी सातला पीएमचा आकडा शंभरापुढे असायचा. आपल्याकडे चोवीस तासांच्या सरासरीची मर्यादा दर घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची तर १५. मुलं वजनाच्या मानाने आपल्यापेक्षा जास्त हवा आत घेतात आणि त्यांची फुप्फुसं अजून वाढत असतात. मला हे माहीत होतं, पण आकडा टेबलावर दिसायला लागल्यावर पोटात कालवलं.

एकदा पावणेसातलाच आकडा भलताच चढलेला दिसला. मावशी वर्ग झाडत होत्या. कोरड्या झाडूने उडालेली धूळ खाली बसायच्या आत मुलं येऊन बसत होती, इतकी वर्षं! मावशींना मीटर दाखवला. त्या लगेच म्हणाल्या, "बाई, मग मी शाळा सुटल्यावरच झाडते, नि ओल्या फडक्याने पुसून घेते." दुसऱ्या दिवसापासून तो सकाळचा चढ गेला. डस्टरही आता ओला करूनच वापरतो.

प्युरिफायर घेताना खोक्यावरच्या "५०० चौरस फूट"वर जाऊ नका, सीएडीआर विचारा, म्हणजे यंत्र तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देतं तो आकडा. आमचा वर्ग २५ बाय २० फूट, उंची १०, म्हणजे साधारण १४० घनमीटर. तासाला पाचदा हवा गाळून निघायची तर ७०० सीएडीआर हवा. एका यंत्राचा ३५० निघाला, म्हणून दोन घेतली. दोन्ही जोरात लावली की अर्ध्या तासात आकडा निम्म्यावर येतो, पण शेवटच्या बाकाला माझा आवाज पोचत नाही. म्हणून मुलं यायच्या आधी जोरात, नंतर मधल्या वेगावर. यंत्रावरच्या हिरव्या दिव्यावर विसंबू नका; आमचा दिवा हिरवा असताना मीटर ७० दाखवत होता. फिल्टर वर्षभर टिकेल असं विक्रेत्याने सांगितलं होतं. चौथ्या महिन्यात उघडला तर काजळीसारखा काळा. बदलायचा खर्च वर्गणीतच धरून ठेवा.

सगळ्यात मोठी चूक मात्र माझी. यंत्रं चालावीत म्हणून मी खिडक्या गच्च लावून घेतल्या. अर्ध्या तासात कार्बन डायऑक्साइड २००० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत दोन हजार) वर, आणि दुसऱ्या तासाला निम्मा वर्ग जांभया देतोय. बाहेरच्या हवेत तो सव्वाचारशेच्या आसपास असतो. वर्गात हजाराच्या आत ठेवायचा. फिल्टर धूळ अडवतो, हा वायू अडवत नाही. तेव्हापासून दहापर्यंत रस्त्याकडच्या खिडक्या बंद ठेवतो, व्हरांड्याकडच्या उघड्या. त्यानंतर सगळ्या उघडतो.

बालदमा असलेली एक मुलगी वर्गात आहे. यंदा तिचा पंप दप्तरातून कमी वेळा बाहेर आला. मधल्या काळात डॉक्टरांनी तिचं औषधही बदललं होतं, त्यामुळे सगळं श्रेय यंत्रांना देणार नाही. पण डिसेंबरात खोकल्याने वाचन थांबवावं लागायचं, ते फेब्रुवारीत क्वचितच थांबलं.

पैसे थोडे असतील तर आधी मीटर घ्या, प्युरिफायर नंतर. सध्या पावसाने हवा धुऊन निघालीय, पीएम दहा-पंधरावर आलाय, यंत्रं झाकून ठेवलीत. मीटर मात्र चालू आहे, कारण झड आत येते म्हणून खिडक्या लावल्या की कार्बन डायऑक्साइडचा आकडा चढतो. पहिल्या बाकावरची पोरं त्यावर डोळा ठेवून असतात आणि हजार झाले की मला न विचारताच उठून खिडकी उघडतात.