रेतीची कला: नदीपात्रातलं शिल्प की काचेवरचं चलचित्र?

गावाला नदी आहे, हातात फोन आहे आणि रेतीतून काही घडवायचं मनात आहे, तर दोन वाटा आहेत. नदीपात्रात शिल्प करून त्याचा फोटो काढायचा. नाहीतर खालून उजेड सोडलेल्या काचेवर रेतीचं चित्र बोटानं जरा जरा बदलत, दर बदलाला एक फोटो घेत चलचित्र करायचं.

शिल्प म्हटलं की पुरीचे रेतीशिल्पकार सुदर्शन पटनायक आठवतात. त्यांना २०१४ साली पद्मश्री मिळाली. पण पुरीला समुद्रकिनारा आहे. आपली वैनगंगा पावसाळ्यात पात्र भरून वाहते, आणि मे महिन्यात केलेलं शिल्प दुपारपर्यंत सुकून ढासळतं. हाताशी राहतात ते थंडीचे महिने.

बांधकामाला नावाजलेली भरड रेती शिल्पाला नडते. पाण्याच्या कडेची, थोडा गाळ मिसळलेली बारीक रेती घ्या. बूड कापलेल्या बादलीत थर टाका, पाणी मारा, ठोकून दाबा; मग बादली उचलून वरून खाली कोरत या. कणांना कणाशी धरून ठेवतं ते मधलं पाणीच, म्हणून फवारा सतत जवळ हवा. शेतातला औषधाचा पंप मात्र चुकूनही वापरू नका. फोटो सकाळी, ऊन तिरपं असताना घ्या. ऊन डोक्यावर आलं की सावल्या जातात आणि कोरलेलं नाक सपाट दिसतं.

एक गोष्ट मनापासून सांगतो: रेती उपशाचे खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत. पोरांना पाण्यात उतरू देऊ नका, आणि धरणाच्या खालच्या गावांनी पाणी सोडण्याची सूचना आली का ते आधी विचारावं.

काचेच्या कामाला ओंजळभर रेती पुरते. धुऊन, वाळवून, नाकाला रुमाल बांधून पीठचाळणीतून चाळायची. लाकडी चौकटीत काच, तिच्याखाली बटर पेपर आणि एलईडी बल्ब. पातळ थर सोनेरी दिसतो, जाड थर काळा. सगळं चित्र या दोहोंतच होतं. फोन वर पक्का बांधा, फोकस आणि उजेड लॉक करा, नाहीतर चित्र लुकलुकतं. पंखा बंद. सेकंदाला १२ फोटो धरले तर मिनिटाला ७२० लागतात, म्हणजे चिकाटी हवीच. आणि लाइट गेली की काम थांबलं.

चारपाच जण मिळून करणार असाल, वैनगंगेकाठच्या मार्कंड्याच्या महाशिवरात्रीच्या जत्रेसारखे बघे मिळणार असतील, तर नदीवर जा. तिथला आनंद काचेला येत नाही. पण एकट्यानं शिकणाऱ्याला मी काचच सुचवेन. चुकलेलं तळहातानं पुसता येतं, काम बारा महिने चालतं आणि फोटोची समज लवकर येते. पावसाळ्यात तेवढी रेती दमट होऊन गोळे धरते, ती तव्यावर भाजून घ्या.

सुरुवात दहा सेकंदांची करा: सरकी, अंकुर, पऱ्हाटी, फुटलेलं बोंड. एवढ्याला १२० फोटो लागतील.