बूट फुटल्यानंतरची सिंड्रेला: ‘अ ट्विस्ट इन टाइम’ पुन्हा पाहताना

थेट डीव्हीडीवर आलेला सिक्वेल म्हटला की ॲनिमेशनचा जाणकार आधीच नाक मुरडतो, आणि त्याला कारणही आहे. १९९४ च्या ‘द रिटर्न ऑफ जाफर’पासून डिस्नेने आपल्या गाजलेल्या चित्रपटांचे पुढचे भाग चित्रपटगृहांना वगळून सरळ घरोघरी पोचवायला सुरुवात केली. खर्च कमी, वेळ कमी, मूळच्या चित्रकारांचा हात नाही. सिंड्रेलाच्या वाट्याला २००२ मध्ये आलेला दुसरा भाग तर चित्रपट म्हणावा असाही नव्हता. तीन सुट्या गोष्टी सिंड्रेलाच्या दोस्त उंदरांच्या गप्पांनी एकमेकींना चिकटवलेल्या, इतकंच. त्यामुळे फेब्रुवारी २००७ मध्ये ‘सिंड्रेला ३: अ ट्विस्ट इन टाइम’ आला तेव्हा त्याच्याकडून कुणी फारशी अपेक्षा ठेवली नव्हती. त्याच वर्षी कंपनीने असले सिक्वेल बंद करायचं ठरवलं, २००८ च्या, ‘द लिटल मरमेड’मधल्या एरियलच्या चित्रपटाने ती मालिका संपली, आणि फ्रँक निसन यांनी दिग्दर्शित केलेला हा सत्तरेक मिनिटांचा चित्रपट बाकीच्यांबरोबर एकाच पोत्यात बांधला गेला. तो त्या पोत्यातून बाहेर काढायला हवा. काठावर पास करायला नव्हे. मूळ गोष्टीला यात एक अवघड प्रश्न विचारला आहे आणि त्याचं उत्तर बऱ्यापैकी प्रामाणिकपणे शोधलं आहे, म्हणून.

प्रश्न असा: काचेचा बूट नसता, तर?

लग्नाला एक वर्ष झालंय. परी त्या दोघांसाठी वाढदिवसाचा बेत आखतेय आणि तिची छडी सावत्र बहिणींपैकी ॲनास्तेशियाच्या हाती लागते. झटापटीत परीचाच दगडी पुतळा होतो. छडी आईकडे पोचते. लेडी ट्रिमेन काळ मागे फिरवते, तोही नेमक्या त्या सकाळी, जेव्हा राजाचा सरदार ड्यूक बूट घेऊन दाराशी आला होता. या वेळी जादूने तो बूट ॲनास्तेशियाच्या पायात बसतो. सिंड्रेला खाली येईपर्यंत ड्यूक निघून गेलेला असतो, आणि तिच्याकडच्या जोडीच्या बुटाचेही सावत्र आई तुकडे करते.

हे किती नेमकं बेतलंय ते कळायला १९५० च्या मूळ चित्रपटाचा शेवट आठवा. तिथे सावत्र आई काठी आडवी घालून नोकराला पाडते, बूट फुटतो, ड्यूक रडकुंडीला येतो आणि सिंड्रेला शांतपणे दुसरा बूट पुढे करते. तो क्षण आजही तितकाच लख्ख आहे. पण त्या क्षणाने एक गोष्ट झाकलीही जाते. सिंड्रेला आणि राजपुत्राच्या नात्याचा सगळा भार एका वस्तूवर आहे. पायाचं माप जुळलं, लग्न लागलं. तिसऱ्या भागाने सुरुवातीलाच तो पुरावा फोडून टाकला. आता सिंड्रेलाला सिद्ध करायला हातात काही नाही, राजपुत्राकडे ओळखायला खूण नाही, आणि बूट ज्या मुलीच्या पायात आहे तिलाही ठाऊक आहे की तो आपला नाही. पुढचं बरं-वाईट सगळं या एका निर्णयातून येतं.

पहिला परिणाम सिंड्रेलावर होतो. मूळ चित्रपटात शेवटच्या टप्प्यात ती वरच्या खोलीत कोंडलेली असते आणि जीव तोडून किल्ली वर नेण्याचं काम उंदीर करतात. त्या सिंड्रेलाला दुबळी म्हणणं मला मुळीच पटत नाही. रोजचा अपमान गिळून स्वभावातला गोडवा शाबूत ठेवणं हे सोपं काम नव्हे. पण गोष्ट पुढे ढकलणारा हात तिचा नसतो, हेही खरं. इथे मात्र ती स्वतः राजवाड्यात जाते. राजपुत्र तिला ओळखत नाही, कारण छडीने त्याची आठवण बदललेली आहे. मग उंदीर पकडणारी म्हणून नोकरीवर घुसून ती छडी पळवायचा घाट घालते. उंदरांची जिवाभावाची मैत्रीण उंदीर पकडायच्या कामावर! हा विनोद मूळ पात्रांच्या नात्यातूनच आला असल्याने चपखल बसतो. बेत फसतो तोही तिच्या भाबडेपणाने नाही, पहारेकऱ्यांपुढे संख्या कमी पडते म्हणून. पटकथा तिला मूर्ख ठरवत नाही, हे नीट लक्षात घेण्यासारखं आहे. असल्या सिक्वेलमध्ये कथा पुढे न्यायची म्हणून पात्रांची बुद्धी गहाण टाकणं हा नेहमीचा रोग असतो.

दुसरा परिणाम राजपुत्रावर, आणि तिथे हा चित्रपट मूळ कृतीच्याही पुढे जातो. १९५० चा राजपुत्र बाराचे ठोके पडल्यावर गोष्टीतून जवळजवळ गायबच होतो. शोध ड्यूक घेतो, धावपळ ड्यूक करतो, राजपुत्र दिसतो तो थेट लग्नानंतर. इथे त्याला आवाज आहे, विनोदबुद्धी आहे आणि पायही आहेत. उंदीर त्याला गाण्यातून खरं काय ते सांगतात. सिंड्रेलाला जहाजावर चढवून देशाबाहेर पाठवलं जातंय हे कळताच तो निघतो. जिन्यात राजा अडवतो आणि बजावतो, या जिन्यावरून एक पाऊलही पुढे टाकायचं नाही. मुलगा आज्ञा अक्षरशः पाळतो. जिना सोडतो आणि शेजारच्या खिडकीतून उडी मारतो. हे दृश्य सावकाश पाहा. भाषण नाही, बंडाची घोषणा नाही. राजा तोंड उघडं ठेवून खिडकीशी धावतो एवढंच. सत्तावन्न वर्षं ज्या पात्राला स्वभाव नव्हता त्याला काही सेकंदांत स्वभाव मिळाला. या मुलाचं वडिलांवर प्रेम आहे, त्याला त्यांचा शब्द मोडायचा नाही, आणि थांबायचंही नाही.

पण चित्रपट खऱ्या अर्थाने ज्या पात्राचा आहे ती ॲनास्तेशिया.

आयत्या बिळावर नागोबा व्हायला ती तयार होते खरी, पण त्या बिळात तिला झोप लागत नाही. मूळ चित्रपटात ती आणि तिची बहीण ड्रिझेला एकाच साच्यातल्या होत्या. कर्कश, मत्सरी, सिंड्रेलाचा पोशाख टराटरा फाडणाऱ्या. इथे राजा तिला सून म्हणून जवळ करतो. नाचताना तिचे पाय अडखळतात तेव्हा तो रागावत नाही, त्याला आपल्या दिवंगत राणीची आठवण होते. राणीचा जपून ठेवलेला शंख तो हिला देतो. तो शंख उचलताना राजा-राणीचे हात एकमेकांना लागले होते, ही त्यांच्या प्रेमाची सुरुवात. आयुष्यात कुणी मायेने दिलेली ही बहुधा तिची पहिलीच वस्तू, आणि ती देणाऱ्याला आपण फसवतोय हे तिला कळतं. पटकथेची वीण इथे फार घट्ट आहे. बुटाची जागा हाताच्या स्पर्शाने घेतली. राजपुत्रालाही सिंड्रेलाचा हात हातात आल्यावरच काहीतरी आतून हलल्यासारखं होतं. माप घेता येतं, खोटं करता येतं. स्पर्शाचं तसं नाही. हे कुणी बोलून दाखवत नाही, शंखाची छोटी गोष्ट ते करून जाते.

मग लग्नाचा प्रसंग. आईने ॲनास्तेशियाला हुबेहूब सिंड्रेलाचं रूप दिलंय. समोर राजपुत्र, भोवती दरबार, हवं होतं ते सगळं एका होकारावर आलेलं. आणि ती नाही म्हणते. तिला प्रेम हवंय, पण दुसरीच्या चेहऱ्यावर केलेलं नकोय. ट्रेस मॅकनील यांचा आवाज तिच्या एरवीच्या चिरक्या पट्टीतून या ठिकाणी खाली उतरतो, आणि जे पात्र पन्नास वर्षं हसण्यासाठी होतं त्याच्यासाठी आपण श्वास रोखतो. सिंड्रेलाने बूट गमावूनही जे राखलं ते ॲनास्तेशियाने बूट सोडून मिळवलं. चित्रपटाचा कळस जादूच्या झगड्यात नाही, या नकारात आहे. मागून छडीची झटापट होते, राजपुत्राच्या तलवारीवरून मंत्र उलटतो, आई आणि ड्रिझेला बेडूक होतात. ते सगळं उरकल्यासारखं आहे आणि तेवढंच पुरेसं आहे.

आता उणिवा. सगळ्यात मोठी म्हणजे लेडी ट्रिमेनच्या हातातली छडी. मूळ चित्रपटात एलिनॉर ऑडली यांचा आवाज आणि फ्रँक थॉमस यांची रेखाटनं यांनी उभी केलेली ती बाई भयंकर वाटते, कारण तिच्याकडे जादू नसते. तिच्याकडे घराच्या किल्ल्या असतात, कामांची यादी असते आणि अंधारातून रोखलेले डोळे असतात. ती हलत नाही, म्हणून भीती वाटते. छडी मिळताच ती चार खलनायिकांसारखी एक होते. सुझन ब्लेकस्ली आवाज उत्तम सांभाळतात, पण हात उगारून मंत्र फेकणाऱ्या बाईत तो गोठवणारा स्थिरपणा येणार कुठून? शिवाय जादूला मर्यादा आखलेली नाही. एकदा काळ मागे नेता येतो, तर बेत फसल्यावर पुन्हा का नेत नाही? छडी हातात असूनही ती हा उपाय दुसऱ्यांदा करत नाही आणि पटकथा त्याचं कारण देत नाही. अशा गोष्टीत जादूचा नियम आधी सांगावा लागतो. तो न सांगितल्याने मधली पाठलागाची दृश्यं हलकी पडतात. राजपुत्राची आठवण पुसण्याचंही तसंच. त्याने बूट पायात असूनही ॲनास्तेशियाला ‘ती तू नव्हेस’ म्हटलं, हा फार चांगला धागा होता. मंत्राने तो चटकन तोडला. तो तसाच ठेवून राजा आणि दरबाराच्या दबावाखाली त्याला चाचपडू दिलं असतं तर गोष्ट अधिक खोल गेली असती.

चित्रांच्या बाबतीत तुलना होऊच शकत नाही. मूळ चित्रपटाचा बराच भाग आधी खऱ्या नटांवर चित्रित करून मग त्या आधारे रेखाटला होता, आणि मेरी ब्लेअर यांच्या रंगकल्पनेमुळे राजवाड्यातली रिकामी उंचीसुद्धा बोलते. तिसऱ्या भागात रंग सपाट आणि स्वच्छ आहेत, सावल्या कमी आहेत, गर्दीच्या दृश्यात मागची माणसं बऱ्याचदा नुसती उभी असतात. जवळच्या दृश्यांत मात्र चेहऱ्यांवर मेहनत दिसते, खास करून ॲनास्तेशियाच्या भुवया आणि खांद्यांवर. म्हणजे पैसा जिथे लागायला हवा होता तिथे लागलाय.

गाणी जेमतेम. सुरुवातीचं ‘परफेक्टली परफेक्ट’ एकीकडे राजवाड्यातलं सुख आणि दुसरीकडे बहिणींचा जळफळाट असं दोन अंगांनी चालतं, म्हणून कामाचं आहे. उंदरांचं गाणं कथा पुढे नेतं. बाकीची संपताच विसरली जातात.

पाहायचा असेल तर क्रम असा ठेवा. आधी १९५० चा चित्रपट, विशेषतः ड्यूक येण्यापासून शेवटापर्यंतचा भाग नीट, कारण तिसऱ्या भागाची निम्मी गंमत त्या दृश्यांशी ताडून पाहण्यात आहे. दुसऱ्या भागातल्या पहिल्या दोन गोष्टी खुशाल सोडा. तिसरी पाहा: ॲनास्तेशिया आणि पाव भाजणाऱ्या तरुणाची. ती फार चांगली आहे म्हणून नव्हे, तर तिसऱ्या चित्रपटातल्या मुलीचं बीज तिथे आहे म्हणून. अगदी लहान मुलं बरोबर असतील तर शेवटाकडे भोपळ्याची काळी बग्गी येते, ल्युसिफर बोक्याचा माणसासारखा गाडीवान झालेला असतो, ते दृश्य बरंच भीतिदायक आहे. आधी कल्पना देऊन ठेवा.

आणि श्रेयनामावली सुरू झाली की लगेच बंद करू नका. बेडूक झालेल्या मायलेकी पुन्हा माणसं होतात तेव्हा दोघींच्या अंगावर सिंड्रेलाचे ते जुने कामवाल्या मुलीचे कपडे असतात. पुढच्या स्थिरचित्रांत ॲनास्तेशिया दिसते, तिच्या पाववाल्याबरोबर, स्वतःच्याच चेहऱ्याने.