शैक्षणिक कर्ज, रावपुऱ्यातला काउंटर आणि सव्वीस हजारांचा हप्ता

बँकेचं नाव लिहीत नाही. सरकारी बँकांचे नियम थोड्याफार फरकाने सारखेच असतात, त्यामुळे हा अभिप्राय शैक्षणिक कर्ज या ‘वस्तू’बद्दल आहे असं समजा. मी बडोद्यात मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत, जीआयडीसीत, एका कारखान्याचे हिशेब लिहिते, तेव्हा आकडे जरा जास्त येतील.

लेकीला पुण्याच्या एका खासगी कॉलेजात डिझाइन करायचं होतं. चार वर्षं, आणि हॉस्टेल धरून आमच्या ऐपतीबाहेरचे पंधरा लाख.

आधी चांगलं सांगते. चार लाखांपर्यंत तारण लागत नाही आणि आपला वाटाही भरावा लागत नाही. साडेसात लाखांपर्यंतही घर गहाण टाकावं लागत नाही. मुलींना बहुतेक बँका व्याजात अर्धा टक्का सूट देतात. फॉर्म विद्यालक्ष्मी पोर्टलवरून भरता येतो. काउंटरवरचे साहेब सज्जन होते, आमचं मराठी ऐकून ‘दांडिया बाजार?’ असं इथल्या मराठी वस्तीचं नाव त्यांनीच घेतलं. थोडी रक्कम कमी पडत असेल तर याहून बरं कर्ज बाजारात मिळणार नाही.

गाडी अडते ती साडेसातच्या पुढे. तिथून तारण लागतं. आमचं दांडिया बाजारातलं घर अजून आजेसासऱ्यांच्या नावावर आहे, वारसाई झालेली नाही, हिस्सेदार सुरतेपासून नाशिकपर्यंत पसरलेले. लेकीच्या फीसाठी चुलत सासऱ्यांच्या सह्या गोळा करायच्या म्हणजे आधी त्यांची जुनी भांडणं मिटवायची. २०२४च्या नोव्हेंबरात मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत तारण नाही, जामीनदार नाही, पण ती सरकारच्या यादीतल्या संस्थांपुरतीच. आमचं कॉलेज यादीत नव्हतं. व्याजातली तीन टक्के सवलत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना, आमचं दोघांचं मिळून त्याच्या वर जातं.

आता ज्या कारणाने मी गुण कापले ते. साहेब म्हणाले, “बेन, हप्तो तो नोकरी पछीज चालु थशे.” म्हणजे हप्ता नोकरीनंतरच सुरू होईल. नियम असा नाही. अभ्यासक्रम अधिक एक वर्ष, की हप्ता सुरू, नोकरी लागो न लागो. आणि मधल्या काळात व्याज झोपत नाही. त्यांनी दाखवलेल्या तक्त्यात पंधरा लाखांवर दहा टक्क्यांनी, दहा वर्षांचा हप्ता होता १९,८२३ रुपये. मी घरी येऊन वही काढली. दर वर्षाच्या सुरुवातीला पावणेचार लाख उचलले, तर पाच वर्षांत सरळव्याजच सव्वापाच लाख होतं. हप्ता सुरू होताना डोक्यावर पंधरा नाही, सव्वावीस लाख असतात. मग हप्ता जवळपास २६,७६० आणि एकूण भरणा बत्तीस लाखांच्या वर. शिकत असतानाच व्याज भरत गेलं तर मुद्दल पंधरावर राहतं, पण चौथ्या वर्षी ते महिना साडेबारा हजार होतं. ते कुणी भरायचं हे तक्त्यात नसतं.

कर वाचतो, असंही सांगतात. शैक्षणिक कर्जाची वजावट फक्त व्याजावर, आठ वर्षं, आणि तीही जुन्या करप्रणालीतच. कर्जाबरोबर विमा घ्यावाच लागेल असं म्हणाले, लेखी नियम मागितल्यावर तो ऐच्छिक निघाला.

लेकीला मी वहीच दिली. तिने पहिल्या पगाराचा अंदाज घेतला, त्यातून पुण्याचं खोलीभाडं आणि हप्ता वजा केला, आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “बडोद्यातच राहायचं म्हणजे परत अकरावीच की गं.” तिचं चुकीचं नाही, इथे ती मैत्रिणींबरोबर शेवउसळ खायला गेली तरी दहा ओळखीचे भेटतात. पण गंमत बघा, जिथे शिकायला देशभरातून मुलं येतात ती सयाजीराव विद्यापीठाची फाइन आर्ट्स फॅकल्टी, १९५० पासूनची, आमच्या घरापासून सायकलच्या अंतरावर. चित्रकार बेंद्रे तिथे शिकवायचे, चित्रकार भूपेन खख्खर तिथे शिकले. अप्लाइड आर्ट्सही आहे. तिथल्या फीसाठी आम्हाला बँकेची पायरी चढावी लागणार नाही.

सासूबाई म्हणाल्या, सयाजीराव महाराज असते तर पाठवलं असतं. असते तर करारही केला असता: बाबासाहेब आंबेडकरांना १९१३ साली कोलंबियाला महिना साडेअकरा पौंड देऊन पाठवलं, ते परतल्यावर दहा वर्षं संस्थानात नोकरीच्या अटीवर. निदान तिथे नोकरी तरी ठरलेली होती.

लेकीने फाइन आर्ट्सची प्रवेशपरीक्षा दिली आहे. फुगलेली आहे, पण चित्रांची फाइल तिने स्वतःच बांधली.

पाचपैकी साडेतीन. साडेसात लाखांच्या आतलं कर्ज असतं तर साडेचार दिले असते. जाणार असाल तर दुसरा-चौथा शनिवार सोडून जा, घराची कागदपत्रं आधी वाचून घ्या, आणि कॉलेज संपल्यानंतरच्या थकबाकीवरचा हप्ता छापून मागा. आमच्या साहेबांनी दोनदा मागितल्यावर दिला, आकडा माझ्या वहीतल्याशी जुळला.