.३२ लाँग: नाइलाजानं आलेलं काडतूस आता माझ्या पसंतीचं

आमच्या वरुड भागात परवान्याचं रिव्हॉल्व्हर म्हटलं की ते बहुधा .३२ बोअरचं, म्हणजे नळीच्या आतला व्यास सुमारे .३२ इंच असलेलं. ९ मि.मी. प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतं, त्यामुळे साध्या परवानाधारकाला निवड फारशी नसते. बाबांनी सत्तरी ओलांडली तेव्हा वारसाच्या तरतुदीनं त्यांचं कानपूरचं सहा राउंडांचं रिव्हॉल्व्हर माझ्या नावावर झालं आणि त्यासोबत .३२ स्मिथ अँड वेसन लाँग हे काडतूसही पदरात पडलं. मला ते अजिबात आवडत नव्हतं.

कारण आकड्यांत होतं. ९८ ग्रेनची, म्हणजे सहा ग्रॅमहून थोडी जड गोळी, आणि वेग सेकंदाला जेमतेम दोनशे मीटरच्या पुढे. गोळीतली ताकद .२२ लाँग रायफल या छोट्या काडतुसाच्या आसपासच. संत्र्याच्या बागेत जागलीला जाणाऱ्या माणसाला हे ऐकून काय वाटणार? शेजारचे काका तर सरळ म्हणायचे, "याच्यानं डुक्कर नाई मरत बावा, उलटं आंगावर येते." काकांचं खरंच आहे. रानडुकरासाठी हे हत्यारच नाही, आणि वनखात्याच्या परवानगीशिवाय जनावरावर गोळी झाडणं गुन्हा आहे. ज्यांना पीक राखायला रिव्हॉल्व्हर हवंय त्यांनी तो विचार सोडावा.

मन बदललं ते नागपूरच्या रेंजवर. या काडतुसाचा झटका इतका कमी, की गोळी सुटतानाही नजर पुढच्या साइटवर टिकते. चाप ओढताना माझं मनगट खाली जातं हे मला तिथं पहिल्यांदा स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं. जोरदार काडतुसाच्या धक्क्यात ते कधी दिसलं नसतं. नंतर प्रशिक्षकांनी एका स्पर्धेच्या पिस्तुलातून वॉडकटर नावाचं .३२ लाँगचंच काडतूस चालवायला दिलं. त्यात शिशाची गोळी सपाट तोंडाची असते आणि केसमध्ये, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या नळकांड्यात, तोंडापर्यंत दाबून बसवलेली. कागदावर ती पंचिंग मशीननं पाडल्यासारखं स्वच्छ गोल भोक पाडते. छिद्र रेषेला नुसतं टेकलं तरी वरचा गुण मिळतो, म्हणून त्या कडेला फार किंमत आहे. २५ मीटरवर दहाचं वर्तुळ अवघं ५० मि.मी. असतं!

२५ मीटर सेंटर फायर पिस्तूल या स्पर्धाप्रकारात जगभरचे नेमबाज आजही हेच .३२ वॉडकटर वापरतात. पार्दिनी, वॉल्थर या कंपन्यांनी त्यासाठी खास पिस्तुलं बनवली. याच प्रकारात जसपाल राणांनी १९९४ ला हिरोशिमात आशियाई सुवर्ण जिंकलं, आणि २००६ ला दोहात ६०० पैकी ५९० करून विश्वविक्रमाची बरोबरी केली. १८९६ मधलं काडतूस इतकं टिकलं ते या अचूकपणामुळे, असं माझं ठाम मत आहे.

आता दुकानात जाताना एक लक्षात ठेवा. नुसतं "बत्तीसचे राउंड द्या" म्हणू नका. पिस्तुलाचं .३२ ए.सी.पी. वेगळं. त्याची केस १७ मि.मी.ची आणि दाब जास्त. रिव्हॉल्व्हरच्या लाँगची केस २३ मि.मी.ची, रिमवाली, म्हणजे बुडाला बाहेर आलेली कड असलेली. ए.सी.पी. रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरमधल्या घरात जातं म्हणून चालवणारे लोक मी पाहिलेत. ते करू नये. चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या उन्हात काडतुसं गाडीच्या डिकीत ठेवू नका. आणि डबा घेताना उत्पादनाचं साल बघाच. मला एकदा जुन्या साठ्यातला डबा मिळाला, त्यात काही राउंड फुटलेच नाहीत. असं झालं तर नळी निशाणाकडेच धरून अर्धा मिनिट थांबा, मग सिलिंडर उघडा. आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर तिथंच थांबून नळी तपासा. एवढ्या कमी दाबाच्या काडतुसात गोळी नळीत अडकू शकते, आणि मागून दुसरी झाडली तर नळी फाटते.

सध्या वॉडकटर मला क्लबमधूनच, रेंजवरच्या सरावापुरतं मिळतं. आखूड नळीच्या बाबांच्या रिव्हॉल्व्हरमधून साध्या गोळीचे गट, म्हणजे कागदावरची छिद्रं, वॉडकटरइतके घट्ट येत नाहीत, तरी दहा मीटरवर ते मला पुरेसे वाटतात. नवशिक्याला परवाना मिळाला असेल तर आधी वर्षभर रेंजवर हेच काडतूस चालवावं.