द्रवात धरलेला विषारी वायू : इम्प्लांटरवरील नव्या सिलिंडरांचा काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

सिंगापूरमधील ज्या फॅबमध्ये, म्हणजे चिप बनवण्याच्या कारखान्यात, मी काम करतो, तेथील आयन इम्प्लांट विभागात फॉस्फीन आणि बोरॉन ट्रायफ्लोराइड हे दोन वायू गेले सात-आठ महिने द्रवावर आधारित सिलिंडरांतून वापरले जात आहेत. सिलिंडर बाहेरून नेहमीसारखाच दिसतो. आत मात्र दाबून भरलेला वायू नसतो. त्या वायूशी सैल बंध जोडणारा आणि दाब उतरवला की तो बंध सोडून देणारा आयनिक द्रव असतो. याआधी आमच्याकडे दोन्ही वायूंसाठी सक्रिय कोळशाचे सिलिंडर होते आणि मी रुजू झालो तेव्हा काही जुन्या यंत्रांवर उच्च दाबाचेही होते. तिन्ही प्रकार स्वतः बदलले, जोडले आणि रिकामे होताना पाहिले असल्याने तुलना करण्याइतका अनुभव गाठीशी आहे. पुरवठादाराचे नाव येथे देत नाही, कारण माझा आक्षेप प्रामुख्याने त्याच्या कागदपत्रांवर आहे आणि त्याचे निवारण सध्या चालू आहे.

ज्यांचा या क्षेत्राशी संबंध नाही त्यांच्यासाठी एवढे सांगणे आवश्यक आहे की, सिलिकॉनच्या वेफरमध्ये (पातळ चकतीत) बोरॉन किंवा फॉस्फरसचे अणू रोवण्यासाठी त्यांचे आयन करून विद्युतक्षेत्राने वेगाने आदळवले जातात (हेच आयन इम्प्लांट आणि ते करणारे यंत्र म्हणजे इम्प्लांटर) आणि ज्या वायूपासून हे आयन तयार होतात त्याचा सिलिंडर बहुधा यंत्राच्या पोटातच, उच्च विद्युतदाबाखालील गॅस बॉक्समध्ये ठेवावा लागतो. बाहेरच्या गोदामातून जमिनीच्या विभवावरची धातूची नळी थेट आत आणणे अशा ठिकाणी सोपे नसते. म्हणजे विषारी वायूचा साठा माणसांच्या वावरापासून फार दूर नेण्याची सोय नाही. तो जवळच असणार आणि म्हणूनच तो कोणत्या अवस्थेत आहे हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

फॉस्फीन आपल्याकडे अगदीच अनोळखी नाही. धान्याला कीड लागू नये म्हणून कोठारात ठेवल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या हवेतील ओलाव्याशी संयोग पावून हाच वायू सोडतात, आणि बंद खोलीत त्या गोळ्या ठेवून झोपलेल्या कुटुंबांच्या बातम्या मराठी वृत्तपत्रांत अधूनमधून येत असतात. अमेरिकेतील कामगार-सुरक्षा नियमांनुसार आठ तासांच्या पाळीसाठी त्याची सरासरी मर्यादा दहा लाख भागांत 0.3 भाग एवढी आहे आणि 50 भागांना तो जिवास तत्काळ धोकादायक मानला जातो. बोरॉन ट्रायफ्लोराइडसाठी हेच आकडे अनुक्रमे 1 भाग, तीही क्षणभरही न ओलांडण्याची मर्यादा, आणि 25 भाग असे आहेत. दमट हवेत तो सुटला तर पांढरा धूर होतो आणि त्या धुरात हायड्रोफ्लोरिक आम्लही असू शकते. उच्च दाबाच्या सिलिंडरची झडप गळली तर हा माल स्वतःच्या जोरावर बाहेर येतो. इम्प्लांटच्या धंद्याला खरी भीती त्याच जोराची होती.

हा जोर काढून टाकण्याचा पहिला यशस्वी मार्ग 1990च्या दशकात एटीएमआय या अमेरिकी कंपनीने आणला. त्यात वायू सच्छिद्र घन पदार्थावर, पुढे मुख्यतः सक्रिय कोळशावर, चिकटवून ठेवला जातो आणि सिलिंडरमधील दाब वातावरणाच्या दाबापेक्षा कमी राहतो. त्यानंतर एअर प्रॉडक्ट्सच्या संशोधकांनी घन पदार्थाच्या जागी अभिक्रियाशील द्रव आणला. त्याचे अमेरिकी पेटंट 2007 सालचे असून, त्यामागील रसायनशास्त्र 2008 साली जर्नल ऑफ द अमेरिकन केमिकल सोसायटीमध्ये प्रसिद्ध झाले.

वायू द्रवात साठवण्याची कल्पना आपल्या गॅस वेल्डिंगच्या दुकानांतही रोज वापरात आहे. तेथील डीए (डिझॉल्व्हड ॲसिटिलीन) सिलिंडरमध्ये ॲसिटिलीन हा एकटा दाबला तर स्फोट होऊ शकणारा वायू ॲसिटोनमध्ये विरघळवून, तेही सच्छिद्र भराव्यात मुरवून ठेवलेला असतो. या पद्धतीला व्यवहार्य रूप देणाऱ्यांपैकी गुस्ताफ दालेन या स्वीडिश अभियंत्याला 1912 सालचे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले आणि त्याच वर्षी ॲसिटिलीनच्या स्फोटात त्याची दृष्टीही गेली. डीए सिलिंडर आडवा ठेवून वापरू नये आणि त्यातून फार वेगाने वायू ओढू नये, नाहीतर ॲसिटोनही बाहेर येतो, हे कोणताही जुना वेल्डर सांगेल. आमच्या सिलिंडरमधील द्रव हा मात्र क्षार आहे, खोलीच्या तापमानालाही द्रवरूप राहणारा. त्याचा बाष्पदाब नगण्य असल्याने वायूबरोबर त्याची वाफ येत नाही. इम्प्लांटरच्या आयन स्रोतात काही बाहेरचे गेले की आयनांच्या किरणाचा प्रवाह डळमळतो, त्यामुळे हा गुण आमच्या दृष्टीने शोभेचा नाही.

दुसरा फरक असा की, येथे वायू नुसता विरघळत नाही. बोरॉन ट्रायफ्लोराइड हे लुईस आम्ल, म्हणजे दुसऱ्याकडून इलेक्ट्रॉनांची जोडी घेणारे, आहे, म्हणून त्यासाठी आम्लारी स्वभावाचा ऋण आयन असलेला द्रव, ब्युटिल-मिथिल-इमिडाझोलियम टेट्राफ्लोरोबोरेट, वापरला जातो. वायूचा एक रेणू त्या ऋण आयनाशी जुळून मोठा ऋण आयन बनतो. फॉस्फीनचा स्वभाव याच्या उलट, म्हणून त्याच्यासाठी त्याच धन आयनाबरोबर तांबे आणि क्लोरीन असलेला ऋण आयन घेतात आणि तांब्याचा अणू फॉस्फीनला धरून ठेवतो. ही पकड नेमकी किती घट्ट असावी यातच सगळे कौशल्य आहे. ती सैल असेल तर दाब वातावरणाच्या वर जातो; घट्ट असेल तर वायू आत राहतो आणि पैसे मात्र गेलेले असतात.

क्षमतेचा अंदाज घरी बसूनही काढता येतो. बोरॉनच्या द्रवाचा रेणुभार 226 आणि घनता सुमारे 1.2, म्हणजे एका लिटरमध्ये सुमारे सव्वापाच मोल द्रव आणि एकास एक प्रमाण धरले तर तेवढेच मोल वायू. सामान्य दाबाला हा वायू सव्वाशे लिटरांहून अधिक जागा व्यापेल. रिकाम्या एका लिटरच्या भांड्यात तो कोंबायचा तर आदर्श वायूच्या हिशेबाने शंभराहून अधिक वातावरणांचा दाब लागेल. येथे गेज एका वातावरणाच्याही खाली असते. पहिल्या सिलिंडरवर 600 टॉरच्या (760 टॉर म्हणजे एक वातावरण) आसपासचा आकडा पाहिल्यावर आमच्या पाळीतील एका तंत्रज्ञाला तो अर्धवट भरून आला आहे असे वाटले आणि त्याने तो परत पाठवण्याची चिठ्ठीही लावली होती.

सिलिंडर बदलण्याची पद्धत आम्ही मुद्दाम जुनीच ठेवली आहे. दोघांनी मिळून, पाठीवर हवेच्या टाकीसह श्वसनयंत्र लावून, वायुशोधकाची नळी जोडणीपाशी धरून हे काम होते. जुनी जोडणी सोडण्यापूर्वी नळी नायट्रोजनने अनेकदा भरून रिकामी केली जाते. नवे निकेलचे गॅस्केट बसवून नट बोटांनी घट्ट करायचा आणि मग पान्याने फक्त एक अष्टमांश फेरा द्यायचा. त्याहून जास्त जोर लावला तर कडा दबते आणि पुढच्या वेळी तीच जोडणी गळते. त्यानंतर हेलियमने गळती तपासली जाते. दाब कमी असल्याने यातले काही टप्पे वगळावेत असा एक सूर आमच्या बैठकीत निघाला होता. मला तो पटत नाही. वातावरणापेक्षा कमी दाबाच्या सिलिंडरची झडप चुकून उघडी राहिली तर आधी हवा आत जाते हे खरे आहे, परंतु आत आणि बाहेर दाब सारखा झाला की विसरणाने वायू हळूहळू बाहेर येऊ लागतो. शिवाय आत गेलेल्या हवेतील ओलावा बोरॉनच्या द्रवाला आणि ऑक्सिजन तांब्याच्या द्रवाला बिघडवतो, म्हणजे सिलिंडर वाया गेला तो गेलाच. कॅबिनेटमधील हवा खेचणाऱ्या पंख्याचा वेग कमी करून वीज वाचवण्याची सूचना आम्ही याच कारणासाठी बाजूला ठेवली.

तापमानाकडे मात्र पूर्वीपेक्षा अधिक लक्ष द्यावे लागते. वायू द्रवाला जोडला जाताना उष्णता बाहेर पडते, म्हणून सिलिंडर तापला की वायू सुटू लागतो आणि दाब चढतो. सुमारे 21 अंश तापमानाला वातावरणापेक्षा थोडाच कमी असलेला दाब दुपारच्या उन्हात उभ्या मालमोटारीत वातावरणाच्या वर जाऊ शकतो, आणि मग गळती आतल्या दिशेने होईल हा भरवसा उरत नाही. कोळशाच्या सिलिंडरांनाही हा नियम लागू आहेच. धोलेऱ्याला टाटा इलेक्ट्रॉनिक्स आणि तैवानची पीएसएमसी यांचा फॅब उभा राहत आहे. गुजरातच्या मे महिन्यात तेथे असे सिलिंडर उतरवून घेणाऱ्यांनी वातानुकूलित गोदाम आणि गाडीतील तापमानाची नोंद या दोन गोष्टी करारातच लिहून घ्याव्यात, असे माझे मत आहे.

आता रोजच्या वापराविषयी. आमच्या यंत्रांना मिनिटाला काही घन सेंटीमीटर एवढाच वायू लागतो आणि सिलिंडरच्या आयुष्याचा बराचसा काळ हा पुरवठा निर्विघ्न होतो. फॉस्फीनच्या बाबतीत मला कोळशापेक्षा येथे प्रवाह अधिक शांत वाटला. सिलिंडर बदलल्यानंतर किरण स्थिर व्हायला लागणारा वेळही कमी झाला आहे. पहिल्यांदा झडप उघडताना द्रवाच्या वरच्या पोकळीत साचलेला हलका वायू थोडा वेळ पंपाने स्क्रबरकडे (विषारी वायू निर्धोक करणाऱ्या यंत्राकडे) काढून टाकणे उपयोगी पडते. उभेपणाची अट कडक आहे, कारण झडपेच्या आतला पडदा द्रवाला अडवत असला तरी त्यावर द्रव साचला तर प्रवाह घटतो. एक सिलिंडर ढकलगाडीवर आडवा आणला गेला होता. तो जोडण्यापूर्वी रात्रभर उभा ठेवावा लागला आणि त्या रात्रीचे उत्पादन दुसऱ्या यंत्राकडे वळवावे लागले.

खरी परीक्षा शेवटच्या टप्प्यात होते. दाब बराच काळ मंद गतीने उतरतो आणि मग 50 टॉरच्या खाली प्रवाह-नियंत्रकाची झडप पूर्ण उघडूनही हवा तेवढा वायू मिळेनासा होतो. यंत्र काही तास थांबवले की दाब पुन्हा वर आलेला दिसतो, कारण द्रवाच्या खोल थरातील वायू पृष्ठभागापर्यंत यायला वेळ लागतो. याचे एक साधे कारण हिशेबातही दिसते. अशा द्रवाचा 20 सेंटीमीटर उंचीचा स्तंभ तळाशी जवळजवळ 18 टॉरचा जादा दाब देतो. सिलिंडर भरलेला असताना याची कोणी दखल घेत नाही, पण वरचा दाब 30 टॉरवर आला की तळातील द्रवासाठी तो दीडपटीहून अधिक ठरतो आणि तेथून बुडबुडे उठणे थांबते. कोळशात ही अडचण नाही, कारण कणांमधल्या पोकळीतून वायूला सगळीकडून वाट असते. द्रवाच्या बाजूने बोलायचे तर त्यात पूड होत नाही.

बोरॉनच्या सिलिंडरमध्ये हा शेपटाचा त्रास मला अधिक जाणवला, कदाचित आमचा बोरॉनचा प्रवाह मुळात जास्त असतो म्हणून. परत जाणाऱ्या सिलिंडरांचे वजन करण्याची पद्धत आम्ही सुरू केली, आणि माझा मुख्य आक्षेप तेथून उभा राहिला. पुरवठादाराच्या पत्रकावर भरलेल्या वायूचे वजन दिलेले असते, पण 30 टॉरपर्यंत त्यातला प्रत्यक्षात किती मिळेल याचा उल्लेख नसतो. ग्राहकाने किंमत मोजायची ती भरलेल्या वजनावर आणि वापरायचा तो मिळेल तेवढा, हा व्यवहार योग्य नाही. विचारणा केल्यावर पहिले उत्तर असे आले की, आमच्या यंत्रातील नळ्या अरुंद आहेत. नळ्या तपासल्या, त्या कोळशाच्या काळातल्याच होत्या आणि तेव्हा चालत होत्या.

आर्सीनसाठी आम्ही द्रवाचा विचार केलेला नाही. तो फॉस्फीनपेक्षाही दुर्बळ आम्लारी असल्याने तांब्याच्या द्रवाची त्यावरची पकड कमी असणार, आणि विषारीपणा मात्र कितीतरी अधिक आहे; त्याची अमेरिकी मर्यादा 0.05 भाग एवढीच आहे. तो कोळशातच राहील.

सध्याचा निर्णय असा आहे की, फॉस्फीनचे सर्व इम्प्लांटर द्रवावरच चालू ठेवायचे. बोरॉनसाठी कमी प्रवाहाची यंत्रे तेवढी द्रवावर ठेवून बाकीची पुन्हा कोळशावर न्यायची. पुढच्या खरेदीपत्रात प्रत्येक सिलिंडरच्या लेबलवर 21 अंशांना 30 टॉरपर्यंत मिळणाऱ्या वायूचे वजन छापण्याची अट घातली असून, पुरवठादाराने फॉस्फीनसाठी ती मान्य केली आहे आणि बोरॉनसाठी मुदत मागितली आहे.