अलाइनमेंट घरी बघायची तर टेप, दोरी की सरळ दुकान?

घोडबंदर रोडवर एक पावसाळा काढला की गाडी एका बाजूला ओढायला लागते, ठाणेकरांना हे नवीन नाही. अलाइनमेंटसाठी, म्हणजे चाकांचे कोन जुळवायला, दरवेळी दुकानात जायचं का आधी घरी बघायचं, असं दोन-तीन जणांनी विचारलं म्हणून लिहितोय, मी तिन्ही प्रकार करून बसलोय.

आधी एक फुकटची गोष्ट. चारही टायरची हवा नीट भरा आणि पुढच्या टायरवरून आतून बाहेर आणि बाहेरून आत हात फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं तर टो (वरून बघितलं तर चाकं पुढून किती आत किंवा बाहेर वळलीत ते) बिघडलाय, मोजायच्या आधीच कळलं. बाकी गाडी नुसती डावीकडे जातेय म्हणून घाबरू नका, आपले रस्ते पाणी वाहून जायला कडेला उतरते असतात त्यामुळे थोडी जातेच.

आता टेप. पुढचं चाक जॅकवर घ्यायचं (मागच्या चाकांना दगड लावून), फिरवत फिरवत टायरच्या मधोमध खडू लावून त्यात खिळ्याने बारीक रेघ मारायची, दुसऱ्या चाकाला तेच, मग गाडी खाली घेऊन स्टिअरिंग सरळ ठेवून थोडी पुढे ढकलायची नाहीतर सस्पेन्शन बसत नाही आणि आकडा खोटा येतो. मग दोन रेघांमधलं अंतर पुढून आणि मागून, एकाच उंचीवर. पुढे कमी म्हणजे टो-इन, पुढे जास्त म्हणजे टो-आउट. खर्च शून्य पण टेप धरायला दुसरा माणूस हवा. आणि हे लक्षात ठेवा की ६०० मिमीच्या टायरला एका चाकाचा ०.१ अंश म्हणजे जेमतेम १ मिमी, तेवढी चूक टेप तिरका धरला तरी होते. त्यामुळे ४-५ मिमीचा फरक टेपने छातीठोक सांगता येतो, १ मिमीचा नाही.

दोरीचं काम जास्त अचूक, पण वैताग आहे. दोन्ही बाजूंना स्टँडवर नायलॉनची दोरी ताणायची, दोन्ही दोऱ्या एकमेकींना समांतर आणि गाडीपासून सारख्या लांब, मग प्रत्येक रिमची पुढची आणि मागची कड दोरीपासून किती ते मोजायचं. टेप फक्त दोन चाकांचा मिळून टो सांगतो, दोरी कुठलं चाक वाकडं तेही सांगते, मागची चाकंसुद्धा. पण आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये सायकलवाल्या पोरांनी दोनदा दोरी तोडली, तिसऱ्यांदा मीच अडखळलो. बंगल्याचं अंगण असेल तरच नादी लागा.

कॅम्बर, म्हणजे पुढून बघितलं तर चाकाचा वरचा भाग किती आत किंवा बाहेर कललाय ते, मोबाइलच्या लेव्हल अ‍ॅपने किंवा गवंड्याच्या पाणसळीने बघता येतो, फक्त स्टिल्ट पार्किंगची फरशी उताराची असते, मी पहिल्यांदा अर्धा तास फरशीचाच उतार मोजत होतो. गाडी त्याच जागी उलट तोंडाने लावून परत मोजा आणि सरासरी घ्या. मात्र बऱ्याच साध्या हॅचबॅकमध्ये कॅम्बर बदलायची सोयच नसते, डाव्या-उजव्यात मोठा फरक आला तर काहीतरी वाकलंय असं धरा.

दुकानातल्या थ्रीडी मशीनशी घरचं काही बरोबरी करत नाही, अर्ध्या तासात सगळे कोन मिळतात. पण आधीची आणि नंतरची प्रिंट मागा, आणि टाय रॉड एंड (स्टिअरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांडीच्या टोकाचा सांधा) ढिला नाही ना हे आधी बघायला लावा, ढिला असेल तर अलाइनमेंट टिकतच नाही. मला एका दुकानात "कॅम्बर पण आउट आहे, वेगळे पैसे" म्हणाले, प्रिंटवर आकडा हिरव्यात, म्हणजे मर्यादेत होता. घरी मोजून गेलो होतो म्हणून बोललो, नाहीतर दिले असते.

म्हणून वर्षाला आठ-दहा हजार किलोमीटर चालवत असाल तर टेपने मोजा आणि दुरुस्ती दुकानात करा. टाय रॉड फिरवून टो स्वतःच जुळवायचा हट्ट असेल तर आधी रंगाची खूण करा आणि कुठल्या बाजूला किती फेरे दिले ते लिहून ठेवा. मी नव्हतं लिहिलं, दुसऱ्या दिवशी वाशीपर्यंत स्टिअरिंग वाकडं धरून सरळ गेलो.